ऐकू येत असल्याचा दाखला

महसूल खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला, दाखल्यावाचूनही जगात काही सिद्ध होऊ शकतं हे पटवून देणं फार अवघड असतं. दयानंदराव बिलोलीच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि नांदेडच्या महसूल कॉलनीत घर बांधून राहिले. त्या घरात गृहप्रवेशाची पत्रिकासुद्धा फाइलला लावलेली होती, पान क्रमांक टाकून. त्यामुळे भर गल्लीत जेव्हा त्यांच्या कानांवर संशय घेतला गेला, तेव्हा ते भांडले नाहीत की हातघाईवर आले नाहीत. धोतराचा सोगा सावरून एवढंच म्हणाले, "आठ दिवस द्या. मी दाखला आणून देतो."

संशयाचं मूळ जमिनीखाली होतं. त्या वर्षी नांदेडची जमीन गुरगुरत होती. दिवसातून एखादवेळा, कधी दोनदा, खालून 'गुडूम' असा आवाज यायचा, मांडणीवरची भांडी थरथरायची आणि लोक घराबाहेर पळायचे. किल्लारीच्या भूकंपाला तेरा-चौदा वर्षं होऊन गेली होती, पण या भागातली माणसं त्या दिवसापासून आधी पळतात आणि मग का पळालो ते विचारतात. यात चूक काहीच नाही. महसूल कॉलनीत तर पळण्याचा सोहळाच व्हायचा, कारण कोपऱ्यावरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसवराज सरांचे सीईटीचे क्लासेस होते. आवाज झाला की ऐंशी पोरं-पोरी एका अरुंद जिन्यानं खाली यायची, ती पुस्तकाचं उघडलेलं पान न मिटता. खाली येऊन गल्लीत उभ्या उभ्या पुढचं गणित सोडवायची. लातूरचा निकाल आपल्यापेक्षा दोन टक्क्यांनी जास्त लागला होता आणि ते दुःख भूकंपापेक्षा ताजं होतं.

अशात जिल्हाधिकारी कचेरीतून एक परिपत्रक आलं. प्रत्येक कॉलनीनं एक जबाबदार नागरिक नेमून नोंदवही ठेवावी. तारीख, वेळ, आवाज, धक्का, शेरा. ज्या कॉलनीतून नोंदी जास्त, तिथल्या इमारती इंजिनियर आधी तपासणार. जबाबदार नागरिक म्हटल्यावर सगळ्यांच्या माना दयानंदरावांकडे वळल्या. किल्लारीनंतर त्यांनी औसा तालुक्यात सात महिने पडक्या घरांचे पंचनामे केले होते. भूकंप पाहिलेला माणूस, वर अक्षर मोत्यासारखं. त्याच संध्याकाळी नवी कोरी नोंदवही आली, लाल शाईनं रकाने आखले गेले आणि दयानंदरावांचं टेबल बैठकीत खिडकीपाशी हललं.

बावीस दिवस त्यांनी एकही दिवस न चुकता नोंद केली. आणि बावीसही दिवस नोंद एकच होती: निरंक.

आता ज्याला सरकारी कचेरीचा वारा लागलेला नाही त्याच्यासाठी सांगतो, निरंक म्हणजे काही नाही. पण नुसतं 'काही नाही' म्हणणं वेगळं आणि निरंक लिहून खाली सही करणं वेगळं. त्यात एक रुबाब असतो. दयानंदरावांनी रकान्यात लिहिलं होतं, 'आवाज: निरंक. धक्का: निरंक. शेरा: नागरिक विनाकारण रस्त्यावर. अफवेचा परिणाम.' कारण खरंच त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. लोक पळताना मात्र दिसायचे, आणि त्यांना लोकांची कीव यायची.

शिवाय त्यांच्याकडे साक्षीदार होता. त्यांची बायको तारामती. एवढी गल्ली बोंबलत पळत असताना तारामतीच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. उलट नेमकी त्याच वेळी तिला कढीपत्ता आठवायचा. "अहो, जरा परसात चला. फोडणी देऊन राहिले अन् कढीपत्ताच न्हाई." दयानंदराव कुरकुरत उठायचे. निवृत्त झाल्यापासून बायकोनं आपला शिपाई केला, असं त्यांचं मत होतं. तीही मागोमाग यायची, कारण कोवळा पाला त्यांना ओळखता येत नाही म्हणे. मग दोघं परसात उभे राहून निवांत पानं खुडायचे, आणि कुंपणापलीकडे गल्लीत कल्लोळ चाललेला असायचा. दयानंदराव मान हलवून म्हणायचे, "काय लोक हायेत!" तारामती म्हणायची, "हाव."

महिन्याच्या आत कचेरीतून यादी आली. इंजिनियरांच्या तपासणीत महसूल कॉलनी सगळ्यात शेवटी. बसवराज सर यादी हातात घेऊनच आले. हा माणूस मूळचा देगलूरचा, गणितात हुशार, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर शिकवलेलं पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूला फुकटात पाठ व्हावं.

"काका, माझी ऐंशी लेकरं वर बसून राहिली. जिन्याच्या भिंतीला बोटभर भेग गेली. अन् तुम्ही निरंक लिवता?"

"जे ऐकलं न्हाई ते कसं लिहू?" दयानंदराव म्हणाले. "उद्या कोर्टात शपथ घ्यावी लागली तर?"

"अहो, कोर्टाच्या आधी लेकरं खाली आली पाहिजेत ना!"

गल्ली गोळा झाली. त्यात ताहेरभाई होते. शेजारीच राहायचे, वजिराबादेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. चाळीस वर्षं घड्याळं कानाला लावून लावून त्यांचा कान असा तयार झाला होता की गल्लीत कुणाचं भिंतीवरचं घड्याळ मागं पडलं तर घरमालकाच्या आधी त्यांना कळायचं. त्यांनी पिशवीतून चावीचं एक गजराचं घड्याळ काढलं आणि दयानंदरावांच्या कानाला लावलं. "बोलिये साब. चालू का बंद?"

दयानंदरावांनी डोळे मिटून लक्ष दिलं. "बंद हाय."

ताहेरभाईंनी घड्याळ समोर धरलं. सेकंदकाटा ऐटीत चालला होता. समोरच्या घरातल्या एका पोरीला फिसकन हसू आलं आणि तिनं ते केमिस्ट्रीच्या पुस्तकात लपवलं. दयानंदरावांचे कान लाल झाले. ते काम कानांना अजून जमत होतं. तिथंच त्यांनी दाखल्याची घोषणा केली. दाखला आला तर नोंदवही त्यांच्याकडे राहील, नाही आला तर बसवराज सरांकडे जाईल, असं ठरलं. तेहतीस वर्षांत ज्यांच्या हातून एक फाइल कुणी काढून घेतली नव्हती, त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

बातमी फुटली तसे सल्ले आले. ताहेरभाईंच्या बेगम रईसाभाभींनी लसूण जाळलेलं तेल वाटीत दिलं. दयानंदरावांच्या शर्टाच्या कॉलरला त्यानंतर चार दिवस वरणाचा वास येत होता. मागल्या गल्लीतले गुरुपादप्पा म्हणाले, उमरीला एक जण आहे, कानातून आख्खा खडा काढून हातावर ठेवतो. कुणाच्या कानातून काय निघालं याच्या कथा तासभर चालल्या. फक्त ताहेरभाईंनी वेगळाच मुद्दा काढला. "साब, तुम्हाला शुगर हाय ना? आमच्या अब्बांना बी होती. पहले कान गये."

"ताहेरभाई, तुम्ही घड्याळं दुरुस्त करा," दयानंदराव म्हणाले. "साखर तोंडातून पोटात जाते. कानाकडं तिची वाटच न्हाई."

साखर त्यांना अकरा वर्षांपासून होती, आणि तिच्याशी त्यांचं धोरण जुन्या कुळाशी असावं तसं होतं: आपण तिला त्रास द्यायचा नाही, तिनं आपल्याला देऊ नये. चहा ते गुळाचा घ्यायचे, कारण साखरेच्या आजारात साखर वर्ज्य, गुळाचा त्यात उल्लेख नाही. गोळी ज्या दिवशी आठवेल त्या दिवशी. हल्ली चपला पायातून कधी निसटतात ते कळत नसे, पण त्याचा दोष त्यांनी चपलांच्या कारखानदारांवर ठेवला होता.

सरकारी दवाखान्यात ते सकाळी नऊला खिडकीपाशी उभे राहिले. अर्ज सोबत होता, विषय ठळक: 'दोन्ही कानांनी व्यवस्थित ऐकू येत असल्याबाबतचा दाखला मिळणेबाबत.' काचेपलीकडच्या कारकुनानं तो दोनदा वाचला.

"काका, ऐकू येत न्हाई याचा दाखला मिळतो. येतं याचा मिळत न्हाई."

"का बरं?"

"तसा नमुनाच न्हाई."

दुसऱ्या कुणी इथं आरडाओरडा केला असता. पण नमुना नाही या वाक्यापुढे दयानंदरावांचं मस्तक आपोआप झुकलं. हेच वाक्य त्यांनी स्वतः किती जणांना सांगितलं होतं याची गणती नव्हती. त्यांनी फक्त एवढं सुचवलं की नमुना तयार करण्याचा प्रस्ताव वर पाठवता येईल, मसुदा मी करून देतो. यावर कारकुनानं मान खाली घालून काहीतरी विचारलं. दयानंदराव त्याच्याकडे सौजन्यानं बघत राहिले. त्यानं पुन्हा विचारलं. मागच्या रांगेतल्या बाईनं शेवटी त्यांचा दंड हलवला, "वय इचारून राहिले तुमचं!"

कारकुनानं अर्ज परत सरकवला आणि फार मायेनं म्हणाला, "काका, बुधवारी या. न ऐकू येण्याचा तुम्हाला मिळून जाईल."

दवाखान्यापासून घरापर्यंत ते चालत आले. रिक्षात बसलं असतं तर रिक्षावाला काहीतरी बोलला असता, आणि त्या दिवशी कुणी काही बोलावं अशी त्यांची इच्छा नव्हती.

तिसऱ्या दिवशी ताहेरभाई त्यांना आपल्या भाचीकडे घेऊन गेले. डॉक्टर अलीझा, कान-नाक-घशाची. ती लहानपणी याच गल्लीत लगोरी खेळलेली, त्यामुळे तिनं आधी पाया पडून मग कानात नळी घातली. पुढं काचेच्या छोट्या खोलीत बसवून कानावर हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. परीक्षा एवढी सोपी असेल असं दयानंदरावांना वाटलं नव्हतं. ते टकाटक बटण दाबत सुटले.

अलीझानं दोन मिनिटांनी दार उघडलं. "काका, तुम्ही माझ्या हाताकडं बघून दाबून राहिलात."

आणि ते खरंच होतं. तिनं यंत्राची कळ फिरवली की ते दाबत होते. यात लबाडी नव्हती हो. साहेबाचा हात हलला की आपला हलवायचा, या सवयीवर त्यांनी सात तहसीलदार सुखरूप पार पाडले होते. तिनं खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. "आता बसा."

भिंत पांढरी होती. दयानंदराव तिच्याकडे बघत बसले. अंगठा बटणावर होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. मधेच लांबून कुणीतरी शीळ घातल्यासारखं वाटलं आणि त्यांनी घाईघाईनं बटण दाबलं. पुन्हा शांतता. त्या शांततेत पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं की तिकडे ती पोरगी कळ फिरवत असेल, आवाज येत असतील, एकामागून एक येत असतील, आणि आपण इथं नुसते बसलो आहोत. त्यांना भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी.

अलीझानं मग त्यांचं बोट टोचून साखर पाहिली. तीनशे अठरा. मग चिमट्यासारखा दिसणारा लोखंडी नादकाटा ठोकून, तो थरथरत असतानाच त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला.

"काय कळतं, काका?"

"गार लागतंय."

"थरथर?"

"न्हाई बा."

तिनं खुर्ची समोर ओढून घेतली आणि त्यांच्या तोंडाकडे तोंड करून, सावकाश सांगितलं. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्याला केसाहून बारीक रक्तवाहिन्या जातात, तशाच नसा. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की अशा बारीक वाहिन्या आणि नसा आधी झिजतात. डोळ्यातल्या, किडनीच्या, पायाच्या, तशा कानातल्याही. "डोळे तपासा, पाय तपासा असं सगळे सांगतात. कानाचं कुणी इचारतच न्हाई. प्रत्येक शुगरवाल्याचं होतं असं न्हाई, तुमचं थोडं वयाचंही असंल. पण अकरा वर्षं अन् तीनशे अठरा. गेलेलं परत येत न्हाई, काका. उरलेलं मात्र राखता येतं. साखर आटोक्यात आणा, पायाला रोज बघत जा, अन् दोन्ही कानांना मशीन लावू."

"म्हणजे जमीन वाजली ते…"

"कानाला ऐकू आलं न्हाई, तळपायाला कळलं न्हाई. दोन्ही खिडक्या बंद होत्या."

ताहेरभाई खाली बघत होते. जिंकलेल्या माणसाची खूण त्यांच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडली नसती.

घरी आल्यावर दयानंदरावांनी टेबलावरची नोंदवही उघडली. मग त्यांना एकदम आपला साक्षीदार आठवला. ते स्वयंपाकघरात गेले. "अगं, तुलाही आवाज आला न्हाई ना एकदाही? तुझे कान पण दाखवून घेऊ. अलीझा चांगली हाय."

तारामती भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढून त्यांच्यापुढे ठेवली. गॅसची टाकी कधी आली, चतुर्थी कधी, हे जिथं लिहिलं जातं तिथं प्रत्येक चौकोनात शिसपेन्सिलीनं वेळा लिहिल्या होत्या. अकरा वाजून दहा. चार वाजून पाच, मोठा. सव्वासात, भांडी पडली. दयानंदरावांनी मोजलं. बावीस दिवसांत सत्तावीस.

"तुला ऐकू येत होतं?"

"मला काय झालंय न यायला?"

"मग तू घाबरली न्हाईस?"

"जीव जात होता माझा," तारामती म्हणाली. "पण मी पळाले तर तुम्ही आतच बसणार. अन् 'उठा, जमीन हलली' म्हणावं तर तुम्ही पुरावा मागणार. पुरावा दाखवेस्तोवर छत डोक्यावर आलं असतं. म्हणून म्हटलं, कढीपत्ता."

दयानंदराव उठून परसदारी गेले. छातीइतकं वाढलेलं झाड होतं. आता नुसत्या काड्या उभ्या होत्या. सत्तावीस वेळा जमीन गुरगुरली होती, सत्तावीस वेळा सगळी गल्ली आपापला जीव घेऊन पळाली होती, आणि सत्तावीस वेळा ही बाई आधी आत, त्यांच्या टेबलापाशी आली होती. आवाज न वाढवता, नवऱ्याच्या अब्रूला धक्का न लावता तिनं त्याला उघड्यावर आणून उभं केलं होतं. कान गेल्याचं कळल्यावर ते हलले नव्हते तितके यानं हलले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतकं चोख काम केलेला कर्मचारी पाहिला नव्हता, आणि त्याची वेतनवाढ तर सोडाच, साधा शेरासुद्धा कुणी लिहिला नव्हता.

आठवा दिवस उजाडला. गल्ली जमली. बसवराज सरांनी पोरांना पाच मिनिटांची सुट्टी दिली होती. दयानंदरावांनी चष्मा लावला आणि कागद उभं राहून वाचला. कचेरीला पाठवायचं पत्र होतं, प्रत माहितीसाठी गल्लीला.

"सदर नोंदवहीतील सर्व निरंक नोंदी रद्द समजाव्यात. नोंद करणाऱ्यास मधुमेहामुळे ऐकू येत नव्हते, आणि ऐकू येत नाही हे त्यास माहीत नव्हते. सत्तावीस नोंदी सोबत जोडल्या आहेत. त्या सौभाग्यवती तारामती यांनी घेतल्या असून त्या अचूक आहेत. चूक माझी आहे. तपासणीस झालेल्या विलंबास मी जबाबदार आहे."

कचेरीत आयुष्य काढलेला माणूस 'चूक माझी आहे' हे कागदावर लिहितो आणि खाली सही करतो, याचं मोल ज्याला कचेरी माहीत आहे त्यालाच कळेल. अक्षर मात्र मोत्यासारखंच होतं. बसवराज सरांनी पुढं होऊन कागद घेतला. नोंदवही मात्र त्यांनी घेतली नाही. "वही काकूंच्या नावावर करा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू बोलले.

पत्रानं काम केलं. पुढच्याच आठवड्यात दोन इंजिनियर आले, जिन्याच्या भिंतीवर हातोडीनं ठोकून पाहिलं आणि तिसरा मजला रिकामा करायला सांगितला. क्लास समोरच्या मंगल कार्यालयाच्या तळमजल्यावर गेला. तिथं फळ्याच्या मागं 'शुभविवाह' लिहिलेलं होतं आणि त्याखाली पोरं संभाव्यता शिकत होती. दयानंदरावांचा गूळ बंद झाला. गोळी आता आठवण्याची वाट बघत नव्हती. तारामती हातावर ठेवायची. रोज आंघोळीनंतर आरसा जमिनीवर ठेवून ते तळपाय तपासायचे. आणि कानात दोन मशिनं आली. पहिल्या दिवशी त्यांना कळलं की आपला पंखा कुरकुरतो, आणि आपणही.

महिन्यानं एका दुपारी ते बैठकीत पेपर वाचत होते. आत तारामतीचा मिक्सर चालू होता, शेंगदाण्याची चटणी चालली होती. आणि त्यांना ते ऐकू आलं. आधी बारीक, मग वाढत वाढत, खालून येणारं, गडगड गडगड. खिडकीची काच थरथरली. पेपर हातातून सुटला. गल्ली अजून शांत होती. आवाज पहिला त्यांना आला होता. दाराकडे जायला दोन पावलं होती. ते उलटे फिरले, तरातरा आत गेले, मिक्सरचं बटण बंद केलं, तारामतीचा चटणीनं माखलेला हात धरला आणि तिला ओढत बैठकीतून, ओट्यावरून, थेट गल्लीच्या मधोमध आणून उभं केलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि रस्त्यात ते नेहमी तिच्या चार पावलं पुढं चालत.

गडगड जवळ आली. कोपऱ्यावरून एक टेम्पो वळला. त्यात रिकामी लोखंडी पिंपं रचलेली होती, न बांधलेली. टेम्पो दोघांना वळसा घालून, दणदण वाजत निघून गेला.

मंगल कार्यालयाच्या खिडक्यांत ऐंशी डोकी गोळा झाली होती. रईसाभाभी गच्चीवर कपडे तिथंच सोडून बघत होत्या. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. दयानंदरावांचा चेहरा लालबुंद झाला. हातात हात आहे हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते घाईघाईनं तो सोडवू लागले.

तारामतीनं पकड सैल केली नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "टेम्पो अजून गेला न्हाई."

टेम्पो तर केव्हाच वळणापलीकडे गेला होता.